गोताडमामांच्या थर्मासमधला बर्फ

मला गोताडमामांचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची फसगत नको. मुख्य मुद्दा पहिल्या ओळीत हवा, हे मी पत्रकं लिहून लिहून शिकले आहे.

रत्नागिरीत ग्राहकांच्या तक्रारींसाठी आम्ही दहा-बारा जण एक समिती चालवतो. पत्रकं मी लिहिते. मारुती मंदिराजवळ, साळवी स्टॉपला, एसटी स्टँडवर उभी राहून मीच वाटते. लोक हसून घेतात, नीट घडी घालतात. मग संध्याकाळी घरी यावं तर आईच्या ओट्यावर माझंच पत्रक कोळंबीच्या सालांखाली पसरलेलं. ‘गप्प बसाल तर लुटले जाल’ या ओळीवर कोळंबीची मिशी.

गोताडमामांनी जन्मात एक घोषणा दिली नाही, पण आम्ही राहतो तो सगळा नाचणे रोड त्यांचं ऐकायचा.

मामा आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. आमच्याकडे शिपायापासून लॅबवाल्यापर्यंत सगळ्यांना मामाच म्हणतात, तसे तेही मामा. मूळ गाव संगमेश्वरच्या आत डोंगरात. दोन्ही भाऊ मुंबईला गेले, हे रत्नागिरीपर्यंतच पोचले. ‘मी अर्ध्या वाटेवर उतरलो,’ असं सांगायचे. प्रयोगशाळेतल्या थर्मामीटरांशी आणि मीटरांशी तीस वर्षं दोस्ती करून निवृत्त झाले आणि फ्रीज दुरुस्त करायला लागले. दुकान नाही, पाटी नाही, कार्ड नाही. फोन लागला तर लागला. तरी लोक त्यांची चार-चार दिवस वाट बघायचे. आणि मी ठरल्या वेळेच्या आधी पोचायची, तेव्हा लोक म्हणायचे, ‘आत्ता नको गं, आमटी चुलीवर आहे.’

ते यायचे तेव्हा खांद्याला एक खाकी पिशवी आणि हातात लाल थर्मास. नव्या घरातल्या बाईला वाटायचं, मामा चहा घेऊनच आलेत, आपण विचारावा की नको. थर्मासमध्ये चहा नसायचाच. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी असायचं. चपला उंबऱ्याबाहेर काढायचे, फ्रीजपाशी यायचे आणि दार उघडायचे नाहीत. आधी फ्रीज पुढे ओढून मागे जायचे.

‘तोंड सगळेच बघतात,’ म्हणायचे, ‘पाठ कोण बघत नाय.’

ही सवय फ्रीजपुरती नव्हती. लग्नपत्रिका हातात दिली तरी मामा ती उलटून मागे काय आहे ते बघायचे. कॅलेंडर, औषधाची चिठ्ठी, सत्यनारायणाचं आमंत्रण, काहीही. फ्रीजमधला बर्फ वितळायला वेळ लागतो, तेवढ्यात घरातला एकूण एक छापील कागद ते दोन्ही बाजूंनी वाचून काढायचे.

त्या बर्फाचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हल्लीच्या फ्रीजमध्ये फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड थंड नळ्यांची जाळी असते. तिच्यावर दव धरतं आणि त्याचा बर्फ होतो. अधूनमधून तिथला हीटर चालू होऊन तो बर्फ वितळवतो. वितळला की नाही हे सांगायला शेंगदाण्याएवढा सेन्सर असतो. तो बिघडला की बर्फात गाडलेला असतानाच ‘गरम झालं, गरम झालं’ म्हणून कळवतो, आणि हीटर बंद पडतो. बर्फ वाढत जातो, गार वाऱ्याची वाट बुजते. मग वर फ्रीझरमध्ये हिमालय आणि खाली दूध नासलेलं. फ्रीज एक दिवस बंद ठेवला की बर्फ वितळतो आणि आठवडाभर सगळं छान चालतं. माणूस म्हणतो, झालं बरं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

आमच्याकडची मंडळी यावर काय करतात? कोयती घेतात! पावसाळ्यासाठी सुरमईचे तुकडे आणि आंब्याच्या रसाचे डबे इतके ठासलेले असतात की बर्फाशी मारामारी केल्याशिवाय ते निघत नाहीत. मग कोयतीचं टोक नळीत घुसतं, गॅस सुटतो आणि फ्रीजचं कपाट होतं. आमच्या आईने हेच करायला घेतलं होतं. मी ओरडले, ‘थांब, कंपनीला नोटीस देऊ.’

आई म्हणाली, ‘तू नोटीस दे. मी मामांना फोन करते.’

मामा आले. मागचा पत्रा काढला आणि नुसते बघत बसले. मला राहवेना.

‘मामा, काय बघताय एवढं? बिघडलाय हे दिसतंय की.’

‘बर्फाला इचारतोय.’

‘काय म्हणतोय?’

‘तू गप बसलीस तर सांगेल.’

आई खुदकन हसली. त्या हसण्याचा मला अजून राग आहे. माझ्या एकाही भाषणाला ती कधी अशी हसली नाही, की रडली नाही.

मग मामांनी बोटाने दाखवलं. बर्फ एकाच कोपऱ्यात असेल तर गॅस कमी झालाय. खाली तळाशी गोठला असेल तर पाण्याची नळी तुंबली आहे. आणि भिंतीला गिलावा केल्यासारखा सगळीकडे सारखा असेल तर वितळवायचं कामच बंद पडलंय. आमचा गिलावा होता. गरम पाण्याचं पातेलं आत ठेवून, आमचं वर्तमानपत्र दोन्ही बाजूंनी वाचत ते तासभर बसले. बर्फ उतरल्यावर त्यांनी सेन्सर सोडवून थर्मासच्या बर्फात बुडवला आणि मीटर लावला. मग तो काढून मुठीत धरला आणि पुन्हा मीटर लावला.

‘बघ. हा आकडा विजेच्या अडथळ्याचा, गरमीचा नाय. बर्फात गेला की आकडा चढायला हवा, हातात घेतला की उतरायला हवा. ह्याचा हलतच नाय. जल्ला मेला, बर्फात बसून सांगतोय, मी हातात हाय.’

नवा सेन्सर बसवला. जुन्याला दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधली, तिच्यावर आमचं आडनाव आणि तारीख लिहिली आणि तो गोळ्यांच्या एका रिकाम्या बाटलीत टाकला. बाटलीत असे आणखी चार-पाच दिसले.

मी विचारलं, ‘कंपनीचा माणूस मागे येऊन गेला, तो तर आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेलाय म्हणाला होता.’

‘त्याला बोर्डच दिलेले असतील बदलायला. पोर काय करील?’

बघा! माझ्या डोक्यात लगेच मथळा तयार झाला होता, ‘बोर्डाच्या नावाखाली लूट’. आणि हा माणूस कंपनीच्या पोराची बाजू घेतोय. मला वाटलं, याच्यासारख्यांमुळेच लढे उभे राहत नाहीत. हा घरोघर जाऊन लोकांचा राग वितळवतो. फ्रीज सुरू झाला की तक्रार संपली. तक्रार संपली की मी काय वाटू?

त्याच मॉडेलचे फ्रीज गावात बऱ्याच घरांत होते. सणाच्या योजनेत सगळ्यांनी एकदमच घेतलेले. मला एक पक्की केस हवी होती, आणि ती मला रेवाळेवहिनींच्या घरी मिळाली.

रेवाळेवहिनी आमच्या गल्लीत शेवटच्या घरात राहतात. नवरा मुंबईत कामाला, घरी त्या आणि सासरे, आबा. कंपनीने त्यांच्या फ्रीजचा बोर्ड तीनदा बदलला होता आणि तरी दूध नासत होतं. मी जाऊन फोटो काढले, शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि फ्रीजच्या दारावर चिकटपट्टीने कागद लावला, ‘पुरावा. हात लावू नये.’ खाली समितीचा शिक्का. वहिनींना बजावलं, ‘कंपनीचा मोठा साहेब येईपर्यंत कुणालाही उघडू द्यायचा नाही. मामांना तर मुळीच नाही.’

वहिनी बिचाऱ्या म्हणाल्या, ‘तू सांगशील तसं गो.’ मी सांगेन तसं! हे वाक्य मला त्या वर्षात पहिल्यांदा ऐकायला मिळालं होतं. मी हवेत होते.

नवव्या दिवशी मामा त्या घरी आबांना भेटायला गेले. फ्रीजसाठी नाही, सहज. न्हाणीच्या कोपऱ्यात ओल्या वाळूत ठेवलेलं मडकं त्यांनी पाहिलं. त्यात काय आहे हे त्यांनी विचारलं आणि वहिनींनी सांगितलं. आबांचं इन्सुलिन. फ्रीज पुरावा झाल्यापासून ते तिथे होतं.

मी पोचले तेव्हा चिकटपट्टी निघालेली होती, मामा फ्रीजच्या मागे होते आणि माझा कागद त्यांनी टाकला नव्हता. घडी घालून टेबलावर ठेवला होता, वर पेपरवेट म्हणून वहिनींची सुपारी.

‘मामा! हा पुरावा होता!’

ते बाहेर आले. मी त्यांना चिडलेलं त्या एकाच वेळी पाहिलं, आणि चिडले म्हणजे काय, तर आवाज आणखी खाली गेला.

‘म्हाताऱ्याचं औषध वाळूत ठेवून कंचा पुरावा राखतेस गो?’

‘मला माहीत नव्हतं.’

‘दार उघडून बघितलंस?’

नव्हतं बघितलं. फोटो दाराचा होता.

इथे मी माफी मागायला हवी होती. मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. तक्रारदारांनी कागद कसे जपावेत, याबद्दल. आणि त्यात एक ओळ घातली: ‘अनधिकृत कारागिरांकडून दुरुस्ती करून घेतल्यास आपला दावा बाद होऊ शकतो, याची नोंद घ्यावी.’ ही भाषा माझी नाही. ही भाषा कंपनीच्या वॉरंटी कार्डाची आहे, बारीक टाइपातली. तिच्याविरुद्ध आमची समिती स्थापन झाली होती. ती मी स्वतःच्या हाताने, मोठ्या टाइपात छापली, कारण एका म्हाताऱ्या लॅबवाल्याने मला खालच्या आवाजात सुनावलं होतं. हेवा माणसाला कुठे नेतो ते लिहायला मला आता लाज वाटत नाही. तेव्हा वाटायला हवी होती.

दोन दिवसांनी मामा माझ्या घरी. हातात ते पत्रक, कानामागे पेन्सिल. आता बोलतील, म्हणून मी छातीत हवा भरून बसले.

‘दुसऱ्या परिच्छेदात सेन्सरला थर्मोस्टॅट म्हटलंयस. दोन वेगळी कामं हायत ती. सुधार.’

‘बाकी?’

‘बाकी शुद्धलेखन बरं हाय.’

त्या ओळीबद्दल एक अक्षर नाही. पत्रक उलटून मागची कोरी बाजू बघितली, ओट्यावर ठेवलं, आईने दिलेला चहा प्याले आणि गेले. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर मी सुखाने भांडले असते.

मग कंपनीचा साहेब आला. आमच्या दहा-बारा तक्रारी एकत्र गेल्या होत्या, म्हणून शाळेच्या हॉलमध्ये बैठक ठेवली. त्याचं म्हणणं असं, की फ्रीजमध्ये दोष नाही. समुद्राची खारी हवा, विजेचा चढउतार आणि लोक फ्रीझरमध्ये मासे ठासतात. मी उठून बोलले. छान बोलले, असं अजून वाटतं. शोषण, मक्तेदारी, कोकणाकडे दुर्लक्ष, सगळं आलं. मागे कुणीतरी जांभई दिली, ती आईची नव्हती अशी माझी आशा आहे.

साहेब शांतपणे म्हणाला, ‘रेवाळे यांचा फ्रीज तर बाहेरच्या माणसाने उघडला आहे. त्यांचा दावा आम्ही धरू शकत नाही. तुमच्याच समितीने हे लिहिलं आहे ना?’

आणि त्याने फाइलमधून माझं पत्रक काढून ती ओळ वाचून दाखवली.

माझं पत्रक शेवटपर्यंत वाचणारी माणसं जन्मात दोनच भेटली. एक गोताडमामा, दुसरा हा.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ‘आता तू सांगशील तसं’ या नजरेने. मी उभी राहून म्हणायला हवं होतं, की ती ओळ मी कंपनीविरुद्ध लिहिली नाही, ग्राहकांसाठी लिहिली नाही, एका माणसावर जळून लिहिली. मी पाणी प्याले.

मागच्या बाकावरून आवाज आला, ‘ती ओळ छापखान्यात घुसली असंल, साहेब. तिकडे घोळ होतात.’

मामा उठून पुढे आले. त्यांना मी बोलावलं नव्हतं, वहिनींनी बोलावलं होतं. चपला त्यांनी हॉलच्याही बाहेर काढल्या होत्या. टेबलावर लाल थर्मास ठेवला. साहेब म्हणाला, ‘चहा नको, थँक यू.’ सगळा हॉल हसला. साहेबही हसला, काय झालं ते न कळता.

‘पहिलं सांगतो,’ मामा म्हणाले, ‘मासे ठासतात हे खरं हाय. मी रोज सांगतो, ऐकत नाहीत. खारी हवा पण खरी.’

मी कपाळाला हात लावला. आमची बाजू मांडायला आलेला माणूस आधी समोरच्याचं खरं करतोय! पण साहेब खुर्चीत पुढे सरकला. माझ्या भाषणात तो मागे रेलला होता. हे मी तेव्हा बघितलं आणि आतून करपले.

मामांनी गोळ्यांची बाटली पालथी केली. अकरा सेन्सर, प्रत्येकाला चिठ्ठी. बारावा नवा, चांगला. मीटर साहेबाच्या हातात दिला.

‘तुम्ही वाचा आकडा. मी म्हातारा माणूस, मला दिसतंय ते तुम्हाला पटंल कशावरून?’

साहेबाने चांगला सेन्सर बर्फात धरला. आकडा चढला. मुठीत धरला, उतरला. मग चिठ्ठीवाले, एकामागून एक. एकाचाही आकडा हलला नाही. पाचव्याला साहेबाने टाय खांद्यावर टाकला. आठव्याला तो स्वतःच चिठ्ठीवरचं आडनाव वाचू लागला आणि ज्याचं आडनाव येईल तो हॉलमध्ये हात वर करू लागला. अकरावं आडनाव रेवाळे. वहिनींनी हात वर केला.

साहेबाने मीटर खाली ठेवला. मग म्हणाला, ‘हे मला न्यायला मिळतील?’

‘न्या. पण चिठ्ठ्या सोडू नका.’

महिन्याभरात पत्र आलं. त्या मॉडेलचे सेन्सर कंपनी स्वतःहून बदलून देणार होती, आधी कुणी उघडला आहे का हे न विचारता. यादीत वहिनींचं नाव होतं. स्थानिक पेपरात फोटो आला. मधोमध मामा, हातात थर्मास. उजवीकडे एक कोपर आहे, ते माझं.

लोक अजून ‘मामांची बैठक’ म्हणतात. निवेदनं मी लिहिली, सह्या मी गोळा केल्या, हॉलच्या परवानगीसाठी चार खेपा मी घातल्या. असो. नाही, ‘असो’ नाही. मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

पण त्यानंतर माझं एक काम राहून गेलं होतं. ज्या माणसाने सेन्सरचं खोटं कधी चालवून घेतलं नाही, त्याने माझ्यासाठी छापखान्यावर खोटं घातलं होतं. हे मला जाता-येता टोचायचं. तीन वेळा मी त्यांच्या खोलीवर गेले. खोलीत फ्रीज नव्हता. विचारलं तर म्हणाले, ‘एकटा माणूस. रोजचं ताजं खातो. शिळं ठेवायला काय हाय माझ्याकडे?’ तिन्ही वेळा मी हवापाण्याचं बोलून परत आले. तोंडाने बोलायचं मी फक्त माईकवर शिकले आहे.

मग गुडघे दुखायला लागले म्हणून मामा गावी जायला निघाले, कायमचे. आई, वहिनी, आबा, निम्मा नाचणे रोड एसटी स्टँडवर. कुणी फणसाचे गरे दिले, कुणी कोकमं. माझ्या हातात दुसरं काही नव्हतं, आदल्या दिवशी छापून आलेलं नवं पत्रक होतं. ‘फ्रीज बिघडला? आधी बर्फाला विचारा.’ त्यात सगळं होतं. कोपऱ्यातला बर्फ, तळाचा बर्फ, गिलावा. कोयती वापरू नका. सेन्सर आणि थर्मोस्टॅट वेगळे. आणि अगदी शेवटी, चौकटीत: ‘मागच्या पत्रकात बाहेरच्या कारागिरांविरुद्ध जी ओळ होती, ती छापखान्याची चूक नव्हती. ती मी लिहिली होती. ती खोटी होती. रेवाळे कुटुंबाची आणि श्री. गोताड यांची मी माफी मागते.’ खाली माझं नाव.

मामा खिडकीशी बसले होते. मी गजातून पत्रक आत दिलं.

‘वाचा नंतर.’

‘आताच वाचतो. गाडी हलली की लागते मला.’

कंडक्टर अजून खाली उभा होता. मामांनी कानामागची पेन्सिल काढली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मी खाली उभी. आई काहीतरी विचारत होती, मला ऐकू येत नव्हतं. पेन्सिल ओळीओळीने खाली येत होती, कुठेच न थांबता. चौकटीपाशी आली. तिथे थोडी थांबली. मग कुठलीही खूण न करता चौकटीच्या खाली, माझ्या नावापर्यंत गेली.

घंटी वाजली. गाडी हलली. मी दोन पावलं बरोबर चालले, ते काहीतरी म्हणतील म्हणून. ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी पत्रक उलटलं होतं. मागची बाजू कोरी होती. त्यांनी तीही नीट पाहिली.